गाडी थंड झाली की सुरू होणारच होती

जुनी बुलेट चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. उन्हात गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्धा तास सावलीत उभी केली की गुमान सुरू होते, असा बिघाड असेल तर मिस्त्रीकडे नेण्याआधी वाचा. फसवायला याहून सोयीचा बिघाड नाही.

आमची ३५० बुलेट १९७४ ची, बाबांनी घेतलेली. पॉइंट-कंडेन्सरवर चालणारी, म्हणजे पॉइंट उघडझाप करून प्लगला ठिणगी देतात आणि कंडेन्सर खुद्द पॉइंटमध्ये ठिणगी उडू देत नाही. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, रामटेकला जाताना मनसरच्या अलीकडे ती फटफट करून बसली. पेट्रोल होतं, प्लग बदलून पाहिला. थंड झाल्यावर पहिल्या किकला सुरू.

नागपुरात रिंग रोडवर मानेवाड्याकडे एक गॅरेज आहे, 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' अशी पाटी लावलेलं. तिथल्या मिस्त्रीने टाकीखाली, ठिणगीचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडे बोट दाखवलं, "भाऊ, कॉइल गेली. गरम झाली का बसते." नवी कॉइल टाकली, गाडी सुरू झाली. होणारच होती, रात्रभर थंड झाली होती ना! उन्हात पुन्हा बंद. मग म्हणे मॅग्नेट कॉइल (बॅटरी चार्ज करणारी) रिवाइंड करावी लागेल, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळावी लागेल; तेही केलं म्हणाला. मग कार्ब्युरेटर 'गरमीत एअर घेते', तोही बदलला. गाडी ताब्यात देताना ट्रायल नेहमी सकाळी सात-साडेसातला. दुपारी या म्हटलं तर "दुपारी लाइन नसते भाऊ."

सगळं मिळून साडेअकरा हजार गेले. हाती आला साधा कागद, त्यावर 'इलेक्ट्रिक काम' एवढंच.

शेवटी कामठीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी एकही स्क्रू न खोलता चावी फिरवली आणि हेडलाइटच्या वरच्या अँमीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) बघत किक हाताने हळूहळू दाबली. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. तसा हलला, म्हणजे बॅटरीपासून पॉइंटपर्यंत करंट नीट जातोय. काटा हललाच नसता तर वायर, चावी किंवा कॉइल बघायची. उणेवरच अडकून बसला असता तर पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला लागलीये किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. मग डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे पॉइंट असतात त्या डबीचं, झाकण काढलं. पॉइंट जळून काळे-निळे, एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड. गाडी गरम होईपर्यंत चालवली आणि अंधाऱ्या शेडमध्ये दाखवलं: पॉइंटमध्येच लखलख ठिणग्या उडत होत्या. प्लगला मिळायचा जोर तिथे वाया जात होता. कंडेन्सर तापला की दगा देत होता. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाकले, गॅप ०.३८ मिलिमीटर ठेवला. खर्च काही शे रुपये. हे पार्ट आजही सर्रास मिळतात, "पॉइंट आता येतच नाहीत" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

रिवाइंडिंगचं तर त्यांनी हसून दाखवलं. बुलेटची ती मॅग्नेट कॉइल डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असते. ती काढायची तर मधला मोठा नट खोलावा लागतो, आतलं ऑइल सांडतं, नवं भरावं लागतं. आमच्या नटावर जुनी चिखल-ऑइलची खपली जशीच्या तशी, म्हणजे तो खोललाच नव्हता. आणि ती कॉइल गेली असती तर बॅटरी उतरत गेली असती. तापून बंद पडायचं आणि थंड होऊन सुरू व्हायचं, हा तिचा स्वभाव नव्हे.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते जुन्या सामानाचं. मूळ कॉइल आणि मूळ कार्ब्युरेटर त्या गॅरेजवाल्याने ठेवून घेतले. मागायला गेलो तर "त्या भंगाराचं काय करता भाऊ?" भंगार कसलं! पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, म्हणून मूळ पार्टला गिऱ्हाईक आहे. माझा संशय असा की बिघाड त्याला पहिल्याच दिवशी कळला होता. नजर कार्ब्युरेटरवर होती. फार तगादा लावल्यावर त्याने पोत्यातून एक कॉइल काढून दिली, ती आमची नाहीच.

तर गाडी टाकताना कॉइल, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर यांचे फोटो काढा, न दिसेल अशा जागी खूण करा आणि काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा हे आधीच मोबाइलवर लिहून पाठवा. ट्रायल भर दुपारी, गाडी तापवूनच घ्या. बिलात पार्टचं नाव नसेल तर पैसे देऊ नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मी हेल्पलाइनवर नोंदवली आहे. त्याच गॅरेजमध्ये मूळ सामान गमावलेलं आणखी कोणी असेल तर बिलाचा कागद, तो कसाही असो, जपून ठेवा. आयोगात सोबत जाऊ.