तीन दिवस हाताशी असताना : रिट्रीट की डोंगर?

ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या अनेक शाळांत नववी-दहावीच्या वर्गाला वर्षातून एकदा दोन-तीन दिवस शाळेबाहेर नेण्याची रीत आहे. पूर्वी हे दिवस रिट्रीटसाठीच, म्हणजे एकांतात मौन, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांसाठीच, राखलेले असत. आता पालकसभेत दुसरा प्रस्तावही येतो की, त्याच दिवसांत मुलांना गडावर किंवा नदीवर न्यावे. वेळापत्रकात दोन्ही बसत नसल्यामुळे निवड करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा धर्माच्या मुद्द्यावर अडून राहते. मी दोन्हींसाठी शिक्षक म्हणून मुलांबरोबर गेलो आहे. त्या विशिष्ट वर्गाला स्वतःजवळ बसण्याची गरज अधिक आहे की एकमेकांच्या उपयोगी पडण्याची, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

कॅथलिक शाळांतील रिट्रीटची मांडणी मुख्यतः इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आलेली आहे. 1521 मध्ये स्पेनमधील पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेल्या या सरदाराने पुढे मान्रेसाच्या एकांतात जी टिपणे केली, त्यांतून त्यांचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ आकाराला आला आणि 1548 मध्ये त्याला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. मूळ साधना चार टप्प्यांची आणि सुमारे 30 दिवसांची आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसभर तोंड मिटून बसवणार का, अशी धास्ती पालक व्यक्त करतात. परंतु साधकाचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून साधना बेतावी, असे त्या ग्रंथाच्या प्रास्ताविक सूचनांपैकी अठराव्या सूचनेतच सांगितलेले आहे. शाळेच्या रिट्रीटमध्ये म्हणूनच दिवसाकाठी दोन-तीन छोटी प्रवचने, प्रत्येकानंतर वही घेऊन अर्धा तास मौन, गटातील बोलणे, संध्याकाळी मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) आणि झोपण्यापूर्वी दिवसाचे आत्मपरीक्षण एवढेच असते. फोन पहिल्याच दिवशी जमा होतात, आणि मुलांना मौनापेक्षा तेच अधिक जड जाते.

मैदानी शिबिराची परंपरा वयाने लहान असली तरी तिच्यामागेही विचार आहे. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी 1941 मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे पहिली आउटवर्ड बाउंड शाळा काढली. युद्धकाळात बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी वयस्क खलाशांच्या तुलनेत लवकर हार मानतात, अशी तक्रार होती, आणि तग धरण्याची ती शक्ती शिकवता येईल का, हा त्या शाळेपुढचा प्रश्न होता. अशा शिबिरात मुलाला प्रश्न विचारणारा धर्मगुरू नसतो. चढ, ओझे आणि मागे राहिलेला सोबती हेच त्याला प्रश्न विचारतात.

महाराष्ट्रातील शाळांना या दुसऱ्या पर्यायासाठी फार लांब जावे लागत नाही. लोणावळ्याहून राजमाची किल्ल्याची वाट साधारण 15 किलोमीटरची, लांब पण सौम्य आहे. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट अंतराने कमी, पण चढाची आहे आणि वाटेत कोंडाणे लेणी लागतात. गडावरच्या उधेवाडीत गावकऱ्यांच्या घरी पिठले-भाकरी आणि अंथरूण मिळते आणि श्रीवर्धन व मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दुसऱ्या दिवशी सावकाश पाहता येतात. कधीच न चाललेल्या वर्गासाठी मी लोणावळ्याचीच वाट सुचवेन. कोलाडजवळ कुंडलिकेवरचे राफ्टिंग मुलांना अधिक आवडते, यात शंका नाही; मुळशी धरणाचे पाणी भिरा वीजगृहातून नदीत येत असल्यामुळे ते पावसाळ्यानंतरही चालते. पण ते काही तासांत संपते आणि होडीतील सूचना प्रशिक्षकच देतो. वर्गातील तट मोडायचे असतील, तर दोन दिवसांची पायपीट अधिक उपयोगी ठरते, कारण पाणी कोणी भरायचे आणि पाय मुरगळलेल्याची पिशवी कोणी उचलायची, हे मुलांना आपसातच ठरवावे लागते.

खर्चाच्या बाबतीत रिट्रीट स्वस्त पडते, कारण निवास आणि जेवण सोडून फारसे काही लागत नाही. हवामानाचीही त्याला अडचण नसते. डोंगरासाठी मात्र नोव्हेंबर ते जानेवारी हाच खरा काळ, आणि दहावीच्या सराव परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात; त्यामुळे दहावीसाठी रिट्रीट आणि नववीसाठी डोंगर, ही विभागणी पुष्कळ शाळांना आपोआप सोयीची होते.

सुरक्षिततेचा विचार करताना शिबिराचे धोके सर्वांना दिसतात. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, त्यानंतर पालकांची भीती अनाठायी म्हणता येत नाही. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र, प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आणि जवळच्या रुग्णालयापर्यंतचे वाहन, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दम्याच्या मुलांचे पंप शिक्षकांजवळही असावेत. किल्ल्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळाचा धोका असतो, म्हणून अत्तरे आणि आरडाओरडा दोन्ही बंद ठेवावे लागतात.

रिट्रीटचे धोके मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणून मला ते अधिक काळजीचे वाटतात. रात्री मेणबत्तीभोवती बसलेली मुले घरातील भांडणे, व्यसन, कधी अत्याचारही बोलून जातात. मूल रडले म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाला, असे मानणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. ती समजूत घातक आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रौढाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे "इथले बोलणे इथेच राहील" असे वचन कोणत्याही शिक्षकाने देऊ नये. समुपदेशक सोबत असावा, आणि मुलाशी एकट्याने बोलायचे तर इतरांना दिसेल अशा जागी बोलावे. अमेरिकेतील येशूसंघीयांच्या, म्हणजे इग्नेशियस यांच्या संघाच्या, अनेक शाळांत वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या 'कैरोस' नावाच्या रिट्रीटमध्ये घरच्यांची पत्रे अचानक मुलांच्या हाती देतात. प्रथा हृद्य आहे. पण ज्याच्या घरून पत्र येणारच नाही, त्या मुलाचा विचार आधी झालेला नसेल, तर तीच प्रथा क्रूर ठरते.

धर्माचा मुद्दा टाळता येत नाही, कारण आपल्याकडच्या या शाळांत अनेकदा बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 28(3) सांगतो. ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी मॉरल सायन्स हे तास जसे वेगळे असतात, तसेच मिस्सा आणि पापनिवेदनाच्या वेळी इतर मुलांसाठी वेगळे सत्र ठेवता येते. मौन आणि आत्मपरीक्षण मात्र सर्वांना एकत्र करता येते, आणि त्यात हिंदू किंवा मुसलमान मुलाला परके वाटावे असे काही असण्याची गरज नाही. इग्नेशियस यांनीही मार्गदर्शकाला बजावले आहे की, त्याने साधकाला कोणत्याही एका बाजूला झुकवू नये आणि तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे. हा दंडक पाळणारा मार्गदर्शक मिळणार नसेल, तर संमिश्र वर्गासाठी डोंगरच निवडावा.

एकाच फेरीत दोन्ही साधता येईल का, असे विचारले जाते. आउटवर्ड बाउंडच्या शिबिरांत मुलाला काही काळ एकटे, सुरक्षित अंतरावर ठेवण्याची पद्धत आहेच. राजमाचीला आम्ही ती छोट्या प्रमाणात करून पाहिली : मनरंजनच्या सपाटीवर, कडेपासून दूर, प्रत्येक जण हाकेच्या अंतरावर, पाऊण तास, वही आणि पेन्सिल. पहिली दहा मिनिटे खुसखुस चालली. नंतर वाऱ्याचाच आवाज राहिला, आणि शिट्टी वाजली तेव्हा तीन-चार जणांनी हात वर करून आणखी थोडा वेळ मागितला.