समीक्षक व्हायचं की सिनेमा पत्रकार? पणजीत बसून निवडताना

चवथीला शेजाऱ्यांकडे गेलो होतो. माटोळीतली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या मांडवीतली, सुपारी कुठून आणली याची चर्चा चालली असताना त्यांची मुलगी हळूच बाजूला येऊन बसली. "काका, मला सिनेमावर लिहायचंय. समीक्षक होऊ की एंटरटेनमेंट रिपोर्टर?" तिचे वडील म्हणाले, दोन्ही एकच की! तीस वर्षं मराठी दैनिकांत काढलेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही.

समीक्षक सिनेमा लागल्यावर कामाला लागतो. सिनेमा पत्रकाराचं बरंचसं काम तोवर उरकलेलं असतं. शूटिंग, ट्रेलर, वाद, मुलाखत, कोणी सिनेमा सोडला, कोणी घेतला, हे सगळं त्याचं. समीक्षकाकडे स्वतःचं मत लागतं आणि ते पडद्यावरच्या पुराव्यानिशी मांडता यावं लागतं. पत्रकाराला मत नसलं तरी चालतं, फोनमध्ये नंबर मात्र हवेत.

आता गोव्याचा शुक्रवार कसा असतो ते सांगतो. मुंबईत समीक्षकांसाठी बहुतेक वेळा आदल्या एक-दोन दिवसांत खास खेळ होतो. पणजीत आपण सकाळच्या पहिल्या खेळाचं तिकीट काढायचं, खिशातून. हॉलमध्ये सात-आठ माणसं, त्यातली दोन एसीसाठी आलेली. दुपारी घरी येऊन लिहायला बसेपर्यंत मुंबईकर समीक्षकांनी सिनेमाला दिलेले स्टार फोनवर फिरत असतात. म्हणजे घाईच्या शर्यतीत आपण सुरू होण्याआधीच हरलेलो. मग सिनेमाची गोष्ट आणि 'कलाकारांनी भूमिकेला न्याय दिला आहे' एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या दिवशीही वाचावंसं वाटेल असं काहीतरी लिहावं लागतं. मला हे ओझं कधी वाटलं नाही, उलट यानेच मला लिहायला शिकवलं.

पत्रकाराचा दिवस वेगळा. मुंबईत मी काही महिने तेही करून पाहिलं. अंधेरीतल्या हॉटेलची खोली, गोल टेबल, पाच पत्रकार, एक नट आणि दारात घड्याळ बघत उभी असलेली पीआरवाली. सात मिनिटं. माझ्या वाट्याला एक प्रश्न आला. त्याचं उत्तर नटाने आधीच्या टेबलालाही शब्दन् शब्द तेच दिलं होतं, हे बाहेर चहा पिताना कळलं. तरीही या कामाला कमी लेखू नका. चांगला सिनेमा पत्रकार पैसा कुठून आला, करार कोणी मोडला, कामगारांचे पैसे कोणी थकवले हे शोधून काढतो. असं काम थोडेच करतात, कारण ते छापून आलं की पुढच्या मुलाखतीचं बोलावणं बंद होतं.

पैशाचं थोडक्यात. पत्रकाराला महिन्याचा पगार मिळू शकतो, समीक्षकाला लेखामागे मानधन. माझ्या पाहण्यातल्या गोव्यातल्या मराठी दैनिकांत 'समीक्षक' अशी वेगळी जागा नव्हती. समीक्षा लिहिणारा डेस्कवरचा उपसंपादक, नाहीतर शिक्षक, नाहीतर बँकेतला सिनेमावेडा. माझ्या पहिल्या समीक्षेचं मानधन आलं तेव्हा तो सिनेमा थिएटरातून उतरून तीन महिने झाले होते.

इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दोघांमधला फरक उघडा पडतो. २००४ पासून महोत्सव पणजीत आहे, आणि नोव्हेंबरातले ते नऊ-दहा दिवस जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात गोव्यातल्या प्रत्येकाला आपण सिनेमावाले आहोत असं वाटतं. पत्र सूचना कार्यालयाकडून माध्यमांचं ओळखपत्र मिळतं. त्यासाठी अर्ज वेळेवर करायचा आणि छापून आलेलं काम सोबत जोडायचं. ओळखपत्र गळ्यात पडलं की दोघांच्या वाटा फुटतात. समीक्षक आयनॉक्स थिएटरच्या दारात रश लाइनीत, म्हणजे तिकीट न मिळालेल्यांच्या रांगेत, उभा राहून दिवसाला चार सिनेमे बघतो आणि रात्री डोळे चोळत चारशे शब्द पाठवतो. पत्रकार धावतो पत्रकार परिषदा, रेड कार्पेट आणि एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, फिल्म बाजाराकडे. २००७ साली सुरू झालेल्या या बाजारात निर्माते, विक्रेते आणि अर्धवट बनलेले सिनेमे एकत्र येतात, आणि पुढच्या दोन वर्षांच्या बातम्या तिथल्या कॉफीच्या रांगेत मिळतात. एका वर्षी मी दोन्ही करायला गेलो. इराणी सिनेमाचा शेवट सोडून परिषदेला पळालो, तर ती अर्धा तास उशिरा सुरू झाली. तो शेवट अजून पाहिलेला नाही.

दोन्ही एकत्र करू नयेत याचं खरं कारण मात्र वेळ नाही. ज्याच्याकडून मंगळवारी मुलाखत मागून घेतली, त्याच्या सिनेमाला शुक्रवारी 'कंटाळवाणा' म्हणताना हात अडखळतो. एका दैनिकात मी दिलेले दोन स्टार छापताना तीन झाले होते. आतल्या पानावर त्याच सिनेमाची पानभर जाहिरात होती. मजकुराला कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे शब्द शिव्या घालताहेत आणि स्टार कौतुक करताहेत असं ते विनोदी पान झालं.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे. गोव्यात राहायचं असेल तर दैनिकात साध्या बीटवर, म्हणजे एका ठरलेल्या विषयाच्या बातमीदारीवर, नोकरी धरावी, पालिका म्हणा, शिक्षण म्हणा, आणि समीक्षा तिच्या जोडीला करावी. पगार सिनेमावाल्यांच्या मर्जीवर नसतो. इथल्या समीक्षकाला कुठल्याही निर्मात्याचा फोन येत नाही, हीच त्याची श्रीमंती. चेहऱ्यांची, गर्दीची, पहिली बातमी आपली असण्याची ओढ असेल तर मुंबई गाठावी. गोव्यातून ते काम इफ्फीपुरतंच जमतं. अपवाद एकच: पणजीतल्या फोंतेन्हाससारख्या वाड्यात रहिवाशांच्या दारात चालणारं शूटिंग, त्याचे परवाने, त्यातून स्थानिकांना मिळणारी कामं. हा विषय गोव्यातला पत्रकारच नीट लिहू शकतो, आणि तो पुरेसा लिहिला जात नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर पत्रकारितेसाठी पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. समीक्षेसाठी पुण्यातलीच सिनेमा शिकवणारी संस्था एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांनी मिळून वर्षानुवर्षं चालवलेला चित्रपट रसास्वादाचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तिथे शॉट आणि कट यांपलीकडे बघण्याची सवय लागते. पुढे फिप्रेसी या १९३० पासूनच्या समीक्षक संघटनेतर्फे महोत्सवांत ज्युरी म्हणून बसता येतं, पण ती फार पुढची गोष्ट.

एक गोष्ट मुंबईकर समीक्षकाला सहसा मिळत नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेवर मी लिहायचो. एकदा पणजी मार्केटात इसवण, म्हणजे सुरमई, घेत होतो, तर शेजारी पिशवी घेऊन ज्या नाटकाचा दुसरा अंक पडला असं मी लिहिलं होतं त्याचा नायक उभा. म्हणाला, "दुसरा अंक पडला म्हणजे नक्की कुठे पडला हो?" कोळीण सुरी थांबवून ऐकू लागली. मला तिथल्या तिथे, प्रवेश आणि वाक्य सांगून पटवावं लागलं. तो पूर्ण पटला नाही, पण इसवणीचा भाव त्यानेच माझ्यासाठी कमी करून घेतला.

शेजारच्या पोरीला सांगितलंय, स्पर्धा सुरू झाली की तीन नाटकं बघ, प्रत्येकावर सहाशे शब्द लिही. ते मला दाखवू नको, त्या नाटकात काम केलेल्या कोणाला तरी दाखव.