९०० रुपयांचा ओबीडी स्कॅनर: आठ महिने वापरल्यावर

आमची गाडी २०१७ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. दिवाळीच्या आसपास ती ओढेनाशी झाली. गोव्यातल्या डिचोली-पणजी या रोजच्या रस्त्यावर फारसं जाणवत नव्हतं. पण बायकोचं माहेर बेळगावचं. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो की तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी गाडी नुसती गुरगुरायची. एसी बंद करून, दुसऱ्या गिअरवर कसंबसं वर जायचो. मागून ट्रक आला की छातीत धस्स व्हायचं.

एका गॅरेजने प्लग बदलले. दुसऱ्याने एअर फिल्टर बदलून थ्रॉटल बॉडी साफ केली. तिसऱ्याने सांगितलं, "इथेनॉलचं पेट्रोल आहे, सगळ्यांच्याच गाड्या अशा झाल्यात." हे मला पटलं नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात फरक ६-७ टक्क्यांचा. तेवढ्याने मायलेज पडेल, घाटात गाडी अडणार नाही.

मग हा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे तो वाचून दाखवतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि फोनवरच्या अ‍ॅपला जोडायचा. पहिल्याच दिवशी निराशा झाली, कारण एकही कोड नव्हता. चेक इंजिनचा दिवा तर कधी लागलाच नव्हता. इथेच बरेच जण "गाडीत काही दोष नाही" असं मानून थांबतात. मीही थांबणार होतो. पण कोड तेव्हाच येतो, जेव्हा बिघाड ठरावीक मर्यादेपलीकडे जातो. त्या मर्यादेच्या अलीकडे गाडी महिनोन् महिने आजारी राहू शकते.

स्कॅनरशिवाय होणाऱ्या दोन तपासण्या आधी उरकल्या. आपल्याकडच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने ब्रेक धरून राहतात, म्हणून थोडं अंतर चालवून, ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबवली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादं चाक जास्त तापलेलं नव्हतं. चढावर आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, असंही नव्हतं. म्हणजे क्लच ठीक.

खरं काम झालं ते चालत्या गाडीत. बायको शेजारी फोन घेऊन बसली, मी घाट चढत होतो. "अहो, हा लाँग टर्मवाला आकडा अठरावर गेलाय!" आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तोच आकडा ४ होता. हा फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतंय त्याचा हिशेब. उणे-अधिक १०च्या आत असला तर चिंता नाही. लोड वाढला की आकडा चढतो, याचा अर्थ मागणी वाढली की पेट्रोल पुरत नाही. एमएएफ सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) असलेल्या गाडीत तो सेन्सर मळला तरी असंच दिसतं, त्यामुळे आधी तो साफ करून बघावा. आमच्या गाडीत एमएएफ नाही, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे.

पक्की खात्री धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने दिली. पाय पूर्ण दाबल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.८ ते ०.९ दिसायला हवं. आमचं ०.१वर पडून राहायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इंजिन उपाशी होतं.

हे आकडे घेऊन साखळी गावातल्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी वाद न घालता फ्युएल लाइनला दाब मोजायचा गेज लावला. आयडलला ३ बार. गाडी चढावर नेली तर २च्या जवळ. टाकीतला पंप बाहेर काढला तेव्हा खालच्या जाळीवर काळा चिकट गाळ होता. या गाडीत फिल्टर पंपासोबत टाकीतच असतो, त्यामुळे सर्व्हिसला तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. फिल्टरसह पंप बदलला, मजुरी धरून साडेसहा हजार गेले. पुढच्या फेरीत घाटात ट्रिम ३, व्होल्टेज ०.८५, एसी चालू आणि तिसरा गिअर. त्या दिवशी मला खूप आनंद झाला, तो लपवणार नाही.

आता तक्रारी. एकाच वेळी चार-पाच आकडे लावले की स्क्रीन रेंगाळते, म्हणून दोनच ठेवा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा वाचत नाही. साधं ब्लूटूथवालं मॉडेल आयफोनला जुळत नाही. पावसाळ्यात गाडी दोन आठवडे उभी होती, हा सॉकेटमध्येच राहिला आणि बॅटरी उतरली. काम झालं की काढून ठेवा. आणि अ‍ॅपमधलं कोड पुसायचं बटण उगाच दाबू नका, त्यासोबत शिकलेला ट्रिमही बहुतेकदा पुसला जातो. एका गॅरेजने बॅटरीची वायर काढली होती, तेव्हा माझा आठवड्याचा पुरावा गेला आणि आकडे स्थिर व्हायला पुन्हा कित्येक दिवस गाडी चालवावी लागली.

सध्या स्कॅनर शेजाऱ्यांच्या गाडीला लावलाय. त्यांच्यात एमएएफ आहे, आणि आकडे आमच्या उलट: आयडलला १६, वेगात ५. कुठून तरी न मोजलेली हवा आत जातेय. इंजिनात हवा नेणारा इंटेकचा रबरी पाइप आधी तपासा, असं सांगितलंय.