पुन्हा काम करायला, की मित्रांना भेटायला? नेपाळ आणि केनिया, शेजारी-शेजारी ठेवून

पूर्वी जिथं स्वयंसेवक म्हणून राहिलात तिथं परत जायचं असेल, तर तिकीट बघण्याआधी एवढं ठरवा: काम करायला जायचं, की माणसांना भेटायला? नेपाळात दोन्ही एकाच फेरीत जमतं. केनियात बहुतेकदा एकच निवडावं लागतं.

त्याला कारण कायदा आहे. केनियानं जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायचा इलेक्ट्रॉनिक परवाना, सुरू केला. तो घरबसल्या ऑनलाइन निघतो आणि मित्राकडे राहायला पुरतो. पण शाळेत शिकवणं किंवा दवाखान्यात मदत करणं, बिनपगारी असलं तरी, तिथं कामच धरलं जातं. त्यासाठी स्पेशल पास (थोड्या काळाच्या कामाची परवानगी) किंवा परमिट लागतं आणि त्याची कागदपत्रं तिथल्या नोंदणीकृत संस्थेनं उभी करावी लागतात. ‘पगार घेत नाही म्हणजे चालतं’ या समजुतीपायी लोक अडकतात. दंड किंवा परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते आणि चौकशीचा ससेमिरा संस्थेच्या मागे लागतो. संस्था ‘आधी ये तर खरं, मग बघू’ म्हणाली, तर ती फेरी निव्वळ भेटीची ठेवा.

नेपाळात ही अडचण नाही. भारतीयांना तिथं व्हिसाच लागत नाही आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारानं राहण्याची, काम करण्याची मोकळीक दिली आहे. विमानानं जाताना मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. नुसतं आधार दाखवून चालत नाही आणि बरेच जण विमानतळावर अडतात ते इथंच. रेल्वेनं जायचं तर मनमाडहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, सीमा पायी ओलांडायची आणि पलीकडे भैरहवाहून पोखरा किंवा काठमांडूची बस. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात. घड्याळ 15 मिनिटं पुढं करा, नाहीतर पहिलीच बस चुकते. केनियाला मुंबईहून नैरोबीचं थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. प्रवास सोपा, पण खर्च कितीतरी जास्त.

खरा विचार करायचा तो महिन्यांचा. शिक्षक असाल तर मे महिना तुमचा. नेपाळचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळं मे महिन्यात वर्ग नीट लागलेले असतात. शिकवायला याहून चांगला काळ नाही. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर शाळा बंद, कारण तिकडंही तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी असते. पण भेटीला तोच काळ उत्तम: शहरात नोकरी करणारे मित्र गावी आलेले असतात आणि भाऊबीजेच्या दिवशी तिकडं भाईटीका असतो. फक्त दशैं (तिकडचा दसरा) आणि तिहारात गावाकडच्या बसला जागा मिळत नाही. मित्राला आधीच तिकीट काढायला सांगा.

शेती असेल तर हिशेब उलटा होतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घर सोडता येत नाही. हरभरा निघाल्यापासून मृगापर्यंत हात मोकळे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये केनियात पहिलं सत्र चालू असतं, परमिट हाती असेल तर शिकवायला जा. नेपाळात तेव्हा वर्षअखेरीच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, नवा मास्तर कुणालाच नको असतो. त्या दिवसांत पावसाळ्याआधीची डागडुजी, पाण्याची लाइन, ग्रंथालय लावणं अशी कामं मागून घ्या.

काम ठरवताना संस्थेला दोन प्रश्न विचारा. मी येण्याआधी हे काम कोण करत होतं? मी गेल्यावर कोण करणार? दुसऱ्याला उत्तर नसेल तर वर्ग घेऊ नका, तिथल्या शिक्षकाच्या बरोबर बसून त्याला साहित्य तयार करून द्या. तीन-चार आठवड्यांत एवढंच टिकाऊ होतं. अनाथाश्रमातलं काम मात्र आम्ही कुणालाच सुचवणार नाही. नेपाळात अशा अनेक मुलांचे आईवडील हयात असतात, आणि दर महिन्याला नवा ‘दादा’ येऊन निघून गेला की त्याचा घाव मुलांनाच बसतो.

केनियासाठी तब्येतीची तयारी वेगळी लागते. यलो फिव्हरची लस ठरावीक केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. गंमत अशी की ते मागतात भारतात परतताना. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वय साठीपुढं असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूकडे बराच. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. घरी आल्यावर ती सोडून देणं ही नेहमीची चूक, कारण यकृतात दडलेले जंतू नंतर रक्तात उतरतात.

जेवणाचं दोन्हीकडे निभतं. नेपाळात दाळभात-तरकारी, केनियात पांढऱ्या मक्याचा उगाली आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. उगाली ज्वारीच्या घट्ट उकडीसारखा असतो; सोबत येसर (आमटीसाठीचं भाजकं मसालेदार पीठ) नेलात तर आठवडे निघतात. ते पॉलिथिनच्या पिशवीत मात्र बांधू नका. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि ती सामानातल्या पिशव्यांनाही लागू आहे. डबा किंवा कापडी पिशवी वापरा. बियाणं, कच्चं धान्य घरीच ठेवा.

परतल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टर नांदेडचे असोत वा धाराशिवचे, त्यांना ‘केनियाहून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.