आठ महिने, खोली 304 आणि तिचा गीझर

डोक्याला शाम्पू, सकाळचे सहा आणि शॉवरमधून बर्फासारखं पाणी. हा अनुभव गेल्या महिन्यातला, म्हणून आज लिहायला बसले.

कामासाठी दर महिन्याला चार रात्री मोठ्या शहरात काढते. ऑफिस राहण्याचे ठरावीक पैसे देतं, वाचले तर आपले. तेव्हा स्टेशनजवळचं हे जुनं हॉटेल. फोटोत दिसतं तसंच आहे: जाळीच्या दाराची लिफ्ट, सनमायका उडालेलं टेबल, पलंगामागे दडलेला एकुलता एक सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड मी घरून नेते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार गीझरची. 15 लिटरचा, 2000 वॉटचा. असा गीझर 25 अंशांचं पाणी 60 वर न्यायला साधारण 18-20 मिनिटं घेतो. त्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं केलं की होतं 35 लिटर, आणि साधा शॉवर मिनिटाला 8-9 लिटर ओढतो. म्हणजे चार मिनिटांची अंघोळ. तेवढीही मिळेना! जेवायला जाताना गीझर लावून जायचं, तासाभराने यावं तर पाणी गारच. रिसेप्शनवर एकच उत्तर, "मॅडम, पाच मिनिटं थांबा, येईल गरम." चार महिने भांडले. एकदा तर निम्मं भाडं परत मागितलं. (मिळालं नाही.)

मग कळलं, आणि इथे मला माझे शब्द गिळावे लागतात. चावीची पट्टी दाराजवळच्या खाचेतून काढली की खोलीची वीज बंद होते. सगळी, गीझरसकट. आणि मी चावी घेऊन जेवायला जात होते. इथल्या खाचेच्या आत नुसता दाबाचा स्विच आहे, त्यामुळे तिथे कुठलंही कार्ड चालतं. आता माझं मुदत संपलेलं लायब्ररीचं कार्ड तिथे असतं. खोलीत कोणी नसताना वीज जाळणं योग्य नाही, मान्य. दिवे-पंखा बंद करूनच जाते.

गेल्या महिन्यात मात्र चूक गीझरचीच होती. इलेक्ट्रिशियनने उघडला तर कॉइलवर बोटभर जाडीचा क्षाराचा थर, आणि खाली कॉइल जळालेली. जड पाणी असेल तर वर्षा-दोन वर्षांनी टाकी साफ करावी लागते, इथे ती बसवल्यापासून कोणी उघडली नसावी. कॉइल नवी टाकली. भाडं कमी केलं नाही, पण खोली दुपारी चारपर्यंत ठेवू दिली. मी रागावलेलीच होते, तरी तेवढा वेळ झोपून घेतलं.

बाकी थोडक्यात. भिंती जुन्या आणि जाड, शेजारच्याचा टीव्ही ऐकू येत नाही. खिडकी खरोखर उघडते. ढेकूण एकदाही नाहीत. गादीच्या शिवणी मी दर वेळी टॉर्चने बघते. बाथरूमला वास आला तर जाळीत तांब्याभर पाणी ओता. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते.

पुढच्या महिन्याचं बुकिंग झालंय. 304 च मागून घेतली. 305 त गीझर 10 लिटरचा आहे.