टायडीट्रान्झिट: बसची वेळापत्रकं ‘आर’मध्ये आणणारं पॅकेज कितपत भरवशाचं?

बस किंवा मेट्रोचं वेळापत्रक जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या प्रमाणित स्वरूपात मिळतं तेव्हा हातात येते एक झिप फाइल. आत साध्या मजकुराच्या दहा-बारा फाइली असतात: थांबे, मार्ग, फेऱ्या, कुठली फेरी कुठल्या थांब्यावर किती वाजता, कुठल्या वारी काय धावतं. स्वल्पविरामाने तोडलेले रकाने, त्यामुळे ‘आर’ या आकडेविश्लेषणाच्या संगणकभाषेतल्या नेहमीच्या रीड.सीएसव्हीने त्या उघडतात. पण उघडल्या म्हणजे वाचता आल्या असं नाही. या फाइलींतली वेळ घड्याळातली नसते, आणि अमुक तारखेला काय धावणार हे एका जागी लिहिलेलं नसतं. टायडीट्रान्झिट हे ‘आर’ला जोडायचं मोफत पॅकेज नेमक्या या दोन गोष्टी सांभाळतं, म्हणून ते वापरावं. नकाशे आणि प्रवासवेळा हा त्यावरचा फायदा.

आधी वेळ. मध्यरात्रीनंतर सुटणारी शेवटची गाडी जीटीएफएसमध्ये आदल्या दिवसाच्याच कामात धरतात. त्यामुळे रात्री एक वाजून दहा मिनिटांची वेळ तिथे २५:१०:०० अशी लिहिलेली असते. ‘आर’च्या स्ट्रिपटाइमला ही वेळ दिली तर एनए (म्हणजे ‘किंमत नाही’) मिळतं, आणि पुढे एनए गाळले की रात्रीच्या सगळ्या फेऱ्या गुपचूप गायब होतात. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. टायडीट्रान्झिटचं रीड_जीटीएफएस ही वेळ एचएमएस प्रकारात ठेवतं, म्हणजे आत नुसते सेकंद: २५:१०:०० म्हणजे ९०६००. वजाबाकी बरोबर येते, क्रम बरोबर लागतो. तासवार मोजणी करायची तर सेकंदांना ३६०० ने भागून पूर्णांक घ्या. घड्याळातला तास हवा असेल तेव्हाच त्याला २४ ने भागून बाकी काढा. हे आधीच केलं तर मंगळवारची उशिराची गाडी मंगळवारच्या पहाटेत जाऊन बसते.

रकान्यांचे प्रकारही तितकेच महत्त्वाचे. रीड.सीएसव्ही अंदाजाने प्रकार ठरवतं. थांब्याचा क्रमांक ००७ असेल तर त्याचा ७ होतो. न्यूयॉर्क सबवेच्या फक्त ‘एफ’ मार्गाच्या फेऱ्या वेगळ्या काढून साठवल्या आणि पुन्हा वाचल्या, तर मार्गाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘फॉल्स’ दिसतं, कारण नुसत्या एफ अक्षराला ‘आर’ तर्कमूल्य (खरं की खोटं) समजतं. टायडीट्रान्झिट आतून जीटीएफएसआयओ हे पॅकेज वापरतं. कुठला रकाना मजकूर, कुठला आकडा हे ते जीटीएफएसच्या नियमांवरून ठरवतं, अंदाजाने नाही.

आता तारीख, आणि खरी मेख इथे आहे. कॅलेंडर फाइलीत प्रत्येक सेवेसमोर (सेवा म्हणजे सारख्याच दिवशी धावणाऱ्या फेऱ्यांचा गट) सोमवार ते रविवार असे शून्य-एकचे सात रकाने असतात, शिवाय सुरुवातीची आणि शेवटची तारीख. कॅलेंडर_डेट्स फाइलीत अपवाद: १ म्हणजे त्या दिवशी ही सेवा वाढवली, २ म्हणजे काढली. सुट्टीच्या दिवशी रविवारचं वेळापत्रक लावायचं तर रोजच्या सेवेसमोर २ आणि रविवारच्या सेवेसमोर १ अशा दोन ओळी येतात. काही फीडमध्ये, म्हणजे अशा वेळापत्रकाच्या झिपमध्ये, कॅलेंडर फाइल नसतेच, सगळा कारभार अपवादांवर चालतो. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे सोमवारच्या रकान्यात १ असलेल्या सगळ्या सेवा घेऊन फेऱ्या मोजणं. फीडमध्ये जुनं आणि येणारं अशी दोन्ही वेळापत्रकं असली, आणि अशी ती बऱ्याचदा असतात, की फेऱ्या दुप्पट दिसतात. मग ‘दर पाच मिनिटांनी बस’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रवासी मात्र दहा मिनिटं उभा असतो.

रीड_जीटीएफएस फीड वाचतानाच ही दोन्ही कोष्टकं जुळवून तारीख आणि सेवा अशी सरळ यादी तयार करतं. ती फीडच्या आत ‘डॉट’ नावाच्या उपयादीत, डेट्स_सर्व्हिसेस या नावाने असते. पॅकेजमधली सगळ्यात मोलाची वस्तू हीच. तिला फेऱ्यांचं कोष्टक जोडा, तारखेनुसार फेऱ्या मोजा आणि आलेख काढा. शनिवार-रविवारच्या घळी, सुट्ट्यांचे खड्डे आणि फीडच्या शेवटी एकेक सेवा संपत गेल्याने होणारी घसरण एका नजरेत दिसते. विश्लेषणासाठी तारीख निवडायची ती हा आलेख पाहूनच, मधल्या सपाट भागातला एखादा मंगळवार किंवा बुधवार. सारख्याच तारखांना धावणाऱ्या सेवांचे गट करायला सेट_सर्व्हिसपॅटर्न आहे. मोठ्या फीडमध्ये त्याने शेकडो सेवांचा गुंता बराच सुटतो.

याउलट गेट_रूट_फ्रीक्वेन्सी डोळे मिटून वापरू नका. सेवा सांगितली नाही तर ते सगळ्यात जास्त सुटण्याच्या वेळा असलेली एकच सेवा उचलतं. कामाच्या दिवसाच्या फेऱ्या चार सेवांत वाटलेल्या असल्या तर उरलेल्या तीन मोजल्याच जात नाहीत. आधी तारखेवरून सेवांची यादी काढायची, ती हाताने द्यायची, आणि वेळेची खिडकीही स्वतः ठरवायची.

इन्स्टॉल करणं सोपं आहे, क्रॅन या ‘आर’च्या पॅकेजांच्या अधिकृत साठ्यावरून, एका ओळीत. विंडोज आणि मॅकवर अडत नाही. लिनक्सवर एसएफ या नकाशांच्या पॅकेजसाठी (टायडीट्रान्झिटला ते लागतं) जीडीएएल, जिऑस, प्रोज आणि युडयुनिट्स या लायब्ररी आधी बसवाव्या लागतात. थांब्यांची नावं देवनागरीत असतील आणि विंडोज वापरत असाल तर ‘आर’ची ४.२ किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्या. २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-८ हेच अक्षरं साठवण्याचं मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘शिवाजीनगर’च्या जागी कोनी कंसातल्या सांकेतिक आकड्यांची माळ छापली जायची.

सरावासाठी पॅकेजसोबत न्यूयॉर्क सबवेचं २०१८ चं फीड येतं, आणि ते शिकायला उत्तम आहे. त्यात टाइम्स स्क्वेअरचं एक स्थानक १२७ या क्रमांकाचं आहे, पण स्टॉप_टाइम्स या फेरीवार वेळांच्या फाइलीत १२७ शोधलं तर काहीच सापडत नाही. तिथे असतात १२७एन आणि १२७एस, म्हणजे उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा फलाट. १२७ हे नुसतं पालक स्थानक. थांबे मोजताना तिन्ही ओळी धरल्या तर एकाच स्थानकाचे तीन थांबे होतात.

प्रवासवेळेसाठी आधी फिल्टर_स्टॉप_टाइम्सला तारीख आणि वेळ द्यायची, उदाहरणार्थ २६ जून २०१८, सकाळी सात ते नऊ. मग ट्रॅव्हल_टाइम्सला स्थानकाचं नाव. हेराल्ड स्क्वेअर दिलं तर तिथून प्रत्येक स्थानकाला लागणारा कमीत कमी वेळ मिळतो. पण ‘८६ स्ट्रीट’ दिलं की फंक्शन थांबतं, आणि ते योग्यच आहे. या नावाची स्थानकं मॅनहॅटनमध्येही आहेत, ब्रुकलिनमध्येही. एकाच नावाचे थांबे एकमेकांपासून ३०० मीटरपेक्षा दूर असले तर पॅकेज पुढे जात नाही. ही तपासणी बंद करता येते, पण करू नका. केलीत तर प्रवासी एकाच क्षणी दोन्हीकडून निघाल्यासारखं गणित होतं. क्लस्टर_स्टॉप्स चालवा, त्याने प्रत्येक जागेला वेगळा क्रमांक लागतो आणि नाव नेमकं होतं. पायी गाडी बदलण्यासाठी ट्रान्सफर्स फाइल लागते. तिच्यातल्या जोड्या पालक स्थानकांच्या आहेत की फलाटांच्या, हे गणित सुरू करण्याआधी पाहून घ्या.

नकाशासाठी जीटीएफएस_अ‍ॅज_एसएफ थांब्यांचे बिंदू आणि मार्गांच्या रेषा करून देतं. ते अक्षांश-रेखांशात असतात, म्हणून ४०० मीटरची वर्तुळं काढण्याआधी मीटरमधल्या प्रणालीत बदला. तिचा ईपीएसजी सांकेतांक: न्यूयॉर्कला ३२६१८, पुण्या-मुंबईला ३२६४३.

आता उणिवा. व्हॅलिडेट_जीटीएफएस या नावावरून जितकी खात्री वाटते तितकं ते तपासत नाही. आवश्यक फाइली आणि रकाने आहेत का, एवढंच पाहतं. सुटायची वेळ पोचायच्या वेळेआधीची असेल किंवा कॅलेंडर गेल्या वर्षीच संपलं असेल, तरी ते ‘ठीक’ म्हणतं. त्यासाठी मोबिलिटीडेटा संस्थेचा जावावर चालणारा व्हॅलिडेटर वेगळा चालवावा लागतो, आणि नवीन फीडवर तो चालवावाच. दुसरी उणीव फ्रीक्वेन्सीज फाइलीची. ‘सहा ते दहा, दर आठ मिनिटांनी’ असं लिहिणाऱ्या फीडमध्ये स्टॉप_टाइम्सला एकच नमुना फेरी असते. टायडीट्रान्झिटचं प्रवासवेळेचं गणित तेवढी एकच धरतं. ब्राझीलच्या इपिया संस्थेच्या जीटीएफएसटूल्स पॅकेजात या नमुन्यातून पूर्ण फेऱ्या पसरवायची सोय आहे. न्यूयॉर्कच्या बसफीडसारखी विभागवार तुटलेली फीड ओळखक्रमांकांना उपसर्ग लावून एकत्र करायलाही तेच बरं. वेळ मात्र ते मजकूर म्हणूनच ठेवतं, त्यामुळे बेरीज-वजाबाकीसाठी परत इकडे यावं लागतं, अ‍ॅज_टायडीजीटीएफएस करून.

झिपमध्ये फाइली एखाद्या फोल्डरच्या आत असतील तर वाचन फसतं. नियमाप्रमाणे त्या झिपच्या मुळाशीच हव्यात. झिप सोडवा, फोल्डरच्या आत जाऊन फाइली निवडा आणि नव्याने झिप करा. बाहेरून फोल्डरलाच झिप केलं की पुन्हा तेच. देशभराच्या मोठ्या फीडसाठी फाइल्स या पर्यायाने लागतील तेवढ्याच फाइली मागवा, पण कॅलेंडरच्या दोन्ही फाइली वगळू नका, नाहीतर तारखांची यादी तयारच होणार नाही. मधल्या थांब्यांच्या वेळा कोऱ्या असतील तर आधी इंटरपोलेट_स्टॉप_टाइम्सने भरून घ्या. आणि टायडीट्रान्झिट व जीटीएफएसटूल्स एकत्र उघडणार असाल तर रीड_जीटीएफएस हे नाव दोघांतही आहे, तेव्हा आधी पॅकेजचं नाव, मग दोन अपूर्णविराम (::), मग फंक्शन असंच लिहा.