सगळं आत, की गरजेपुरतं? लुआसाठी नवी स्टँडर्ड लायब्ररी बांधणाऱ्यांसाठी तुलना

हिंगणघाट, वणी, अकोट, दर्यापूर या पट्ट्यात सॉफ्टवेअर करून देणाऱ्या छोट्या टीमचं गिऱ्हाईक बहुतेक ठरलेलं असतं: जिनिंग, बाजार समितीतला अडत्या, शेतकरी उत्पादक कंपनी. वजनकाट्याशेजारच्या छोट्या संगणक-बोर्डावर प्रोग्राम चालवायचा म्हटलं की लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा सोयीची पडते. 1993 साली रिओ द जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मलेल्या या भाषेचा इंटरप्रीटर (प्रोग्राम वाचून चालवणारा भाग) सगळ्या मूळ लायब्रऱ्यांसकट 300 केबीच्या आत बसतो. पण कामाला लागलं की उणिवा लगेच दिसतात. फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागता येत नाही, जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचा मजकुरी साचा) वाचता येत नाही, पैशांच्या हिशेबासाठी दशांश प्रकार नाही, मराठी नाव पावतीवर सरळ रकान्यात बसत नाही. मग प्रत्येक टीम एक दिवस म्हणते, आपलीच स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे भाषेसोबत मिळणारा तयार फंक्शनांचा संच, बांधू.

बांधा, पण कशी बांधायची ते आधी ठरवा. दोन वाटा आहेत. सगळं एकाच पेटीत भरून द्यायचं, पायथन आणि गो यांनी केलं तसं. किंवा गाभा बारीक ठेवायचा आणि बाकीचं वेगवेगळ्या पॅकेजांवर, म्हणजे बाहेरून उतरवून घ्यायच्या तयार कोडवर, सोडायचं, रस्ट आणि जावास्क्रिप्टसारखं. दोन्ही वाटांनी चांगल्या भाषा मोठ्या झाल्या आहेत. तुमच्या टीमला कोणती झेपेल हे तुमची माणसं किती आणि तुमचा प्रोग्राम चालतो कुठे यावर ठरेल.

सगळं आत

या वाटेचा मोठा फायदा आपल्याकडे जितका कळतो तितका पुण्या-बंगळुरात कळत नाही. जिनिंगच्या आवारात नेटचा भरवसा नाही. ऐन हंगामात, दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागलेली असताना एखादं पॅकेज उतरवून घेऊ म्हटलं तर ते उतरेलच असं नाही. पायथन टाकली की एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस), सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या तक्त्याची फाइल), जेसन, तारीख, दशांश हिशेब हे सगळं सोबत येतं. गो तर वेब सर्व्हरसुद्धा सोबत देते आणि शेवटी एकच फाइल तयार होते, पेनड्राइव्हवर घ्या आणि चालवा. ज्या मशीनपर्यंत पोचायला आधी एसटी आणि मग कोणाची तरी मोटरसायकल लागते, तिथे ही सोय फार मोलाची आहे.

दुसरा फायदा शिकण्याचा. नवा मुलगा टीममध्ये आला की त्याला एकच कागदपत्र वाचायला द्यावं लागतं. पाचांपैकी कोणतं जेसन पॅकेज चांगलं, हा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही.

आता खर्चाची बाजू. एकदा आत घेतलेली वस्तू बाहेर काढणं फार अवघड जातं. पायथनमध्ये जुनी, कोणी न वापरणारी मॉड्यूल काढून टाकण्याचा प्रस्ताव, पेप 594, 2019 साली मांडला गेला. तो 2022 मध्ये मंजूर झाला आणि ती 19 मॉड्यूल प्रत्यक्षात गेली ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीत. एवढी मोठी बिरादरी पाठीशी असूनही पाच वर्षं लागली. जावाची तारीख त्याहून बोलकी आहे. पहिल्या आवृत्तीतला डेट हा प्रकार सदोष होता, महिने शून्यापासून मोजायचा. त्यावर कॅलेंडर आलं, तेही अडचणीचंच निघालं. लोक बाहेरची जोडा-टाइम ही लायब्ररी वापरू लागले आणि तिच्या अनुभवावरून 2014 मध्ये, जावा 8 सोबत, नीट विचार केलेला प्रकार भाषेत आला. जुना डेट मात्र अजून तिथेच आहे, कारण त्याच्यावर लिहिलेले प्रोग्राम अजून चालतात.

गोने यावर काढलेला मार्ग मला आवडतो. त्यांनी 2012 साली 1.0 सोबत शब्द दिला की जुना कोड मोडणार नाही, आणि तो बऱ्यापैकी पाळला. रँडम आकड्यांची मूळ रचना जुनी पडली तेव्हा तिला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी आवृत्ती ठेवली, 2024 च्या 1.22 मध्ये. पण तशी दोन-दोन घरं सांभाळायला गोकडे पगारी माणसं आहेत. तुमच्याकडे तीन-चार पोरं असतील आणि त्यातलं एखादं येत्या वर्षी नागपूरला नोकरीला लागेल, हे धरूनच चाला.

गरजेपुरतं

बारीक गाभ्याचं गणित उलटं आहे. कमी वचनं द्यायची, ती पूर्ण पाळायची. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत रँडम आकडे नाहीत, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) नाही, तारीख-वार नाही. ती सगळी बाहेरची पॅकेजं आहेत आणि त्यांना हव्या तितक्या वेळा नवं रूप घेता येतं. लुआची मूळ वृत्तीही हीच. तिच्यात पूर्ण रेग्युलर एक्स्प्रेशन घेतलं नाही, कारण तेवढा एक भागच बाकी साऱ्या लायब्रऱ्यांपेक्षा मोठा झाला असता.

या वाटेवरचे खड्डेही नोंदवलेले आहेत. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने मागे घेतलं आणि जगभर जावास्क्रिप्टचे प्रकल्प बांधले जाईनात. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणं एवढंच त्याचं काम होतं. पुढे 2017 च्या मानकात ते भाषेतच आलं.

याहून मोठा धोका फुटीचा. डी भाषेची गोष्ट नवी स्टँडर्ड लायब्ररी लिहायला निघालेल्या प्रत्येकाने वाचावी. भाषेसोबत फोबोस नावाची लायब्ररी होती, ती अपुरी वाटली म्हणून काही चांगल्या माणसांनी टँगो नावाची दुसरी लिहिली. टँगो कामाला उत्तम होती. पण दोघींचा तळाचा रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारा आधार) वेगळा, त्यामुळे एकीवर लिहिलेलं पॅकेज दुसरीसोबत चालेना आणि आधीच लहान असलेली मंडळी दोन वाड्यांत वाटली गेली. दुसऱ्या आवृत्तीत रनटाइम सामाईक केला तेव्हा कुठे मार्ग निघाला. रस्टमध्येही 2019 नंतर असंच काहीसं झालं: फ्यूचरची (पुढे पूर्ण होणाऱ्या कामाची) व्याख्या स्टँडर्ड लायब्ररीत आली, पण ती चालवणारं यंत्र बाहेर राहिलं, आणि टोकियो या अशा एका यंत्रावर लिहिलेली पॅकेजं बऱ्याचदा टोकियोलाच बांधलेली राहिली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझं मत तयार होतं. आकार किती, हा दुय्यम प्रश्न आहे. जी वस्तू एका पॅकेजातून दुसऱ्या पॅकेजात जाते, तिचं रूप स्टँडर्ड लायब्ररीने ठरवलंच पाहिजे. काट्याचं पॅकेज रक्कम काढणार, पावतीचं पॅकेज ती छापणार, हिशेबाचं पॅकेज ती बँकेकडे पाठवणार. तिघांची रक्कम वेगवेगळ्या प्रकारची असेल तर प्रत्येक सांध्यावर चूक घुसते. आपल्या कामात अशा वस्तू मोजक्या आहेत: पैसा, तारीख, मराठी मजकूर आणि चूक कळवायची पद्धत. या चार आत घ्या. जेसन, सीएसव्ही, प्रिंटर, एसएमएस, नेट ही हत्यारं आहेत. ती बदलली तरी सांधे मोडत नाहीत, म्हणून ती बाहेर राहिली तरी चालतात.

पैसा आणि मजकूर, जरा जवळून

लुआत 1.15 ला 100 ने गुणा आणि छापा. लुआ 5.4 पर्यंतच्या आवृत्त्यांत स्क्रीनवर 115 किंवा 115.0 दिसतं. त्याच उत्तराला पूर्णांक करणारं फ्लोअर फंक्शन लावा, 114 मिळतात. आत खरी किंमत 114.99999999999999 असते आणि छापताना या आवृत्त्या ती 14 अंकांवर गोल करतात, म्हणून तपासणाऱ्याला चूक दिसतच नाही. एका पावतीवर एक पैसा म्हणजे काही नाही, पण दिवसाची बेरीज आणि बँकेचा आकडा जुळत नाही तेव्हा शेतकऱ्यापुढे उत्तर द्यायला काट्यावरचा माणूस उभा असतो. उपाय साधा आहे: रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची आणि गोल करण्याचा नियम एकाच ठिकाणी लिहायचा. लुआ 5.3 पासून, म्हणजे 2015 पासून, खरे पूर्णांक आहेत. जुन्या 5.1 वर सगळे आकडे अपूर्णांकाच्या जातीचे असले, तरी 2 चा 53 वा घात येईपर्यंत पूर्णांक बिनचूक राहतात. पैशांत मोजलं तर ते सुमारे 90 लाख कोटी रुपये होतात, कोणत्याही जिनिंगला पुरतील. छापताना मात्र 1,48,818.50 असा लाख-कोटींचा स्वल्पविराम हवा. पायथनची नेहमीची पद्धतसुद्धा तिथे 148,818.50 असंच देते, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागणार.

मजकुराची गोष्ट याहून खोल आहे. 'कापूस' या शब्दाची लांबी लुआला विचारा, 15 सांगेल, कारण ती बाइट (साठवणुकीचं छोटं एकक) मोजते. तिच्या युटीएफ-8 (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) लायब्ररीला विचारा, 5 सांगेल, कारण ती क, काना, प, ऊकार आणि स वेगळे मोजते. वाचणाऱ्याला अक्षरं तीनच दिसतात. पावतीवर नावाचा रकाना 10 जागांचा ठेवला तर लुआची फॉरमॅटची सोय बाइट मोजून जागा भरते, मग मराठी नावांपुढचे आकडे वर-खाली सरकतात, आणि नाव कापायची वेळ आली तर अक्षराच्या मध्येच कापलं जातं. म्हणून मोजणं, कापणं आणि रकान्यात बसवणं ही तीन कामं अक्षरावर झाली पाहिजेत, आणि ती स्टँडर्ड लायब्ररीतच हवीत.

शोधण्यातही अडचण आहे. 'शेतकऱ्यांची' यातला ऱ्य एका टायपिस्टकडून एक प्रकारे येतो, दुसऱ्याकडून दुसऱ्या. ऱ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आहे, तेच र आणि खाली नुक्ता (टिंब) असंही लिहिता येतं, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्ह असा तिसराच क्रम देतात. दिसायला तिन्ही सारखे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण पहिल्या दोन रूपांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. तेव्हा मराठीसाठी आपला एक नियम जोडावा लागेल, आणि नावं साठवतानाच तो लावावा लागेल. क्रमवारीत ळ अडवतो. युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, मराठी वर्णमालेत ह च्या नंतर. त्यामुळे यादीत 'काळे' हे 'कावळे'च्या आधी येतात आणि गावातला कारकून यादी चुकली म्हणतो. त्याचं बरोबर असतं.

तारखेबाबत एकच सांगतो. पुष्कळ छोट्या बोर्डांवर घड्याळाची बॅटरी नसते. लाईन जाऊन आली आणि नेट नसलं की तारीख भलतीच होते. तुमच्या तारखेच्या प्रकारात 'घड्याळावर भरवसा नाही' ही अवस्था ठेवा, म्हणजे पावती छापण्याआधी प्रोग्राम माणसाला विचारू शकेल.

काय आत घेऊ नये

हमीभाव आत घेऊ नका. लांब धाग्याच्या कापसाला 2024-25 मध्ये क्विंटलला 7,521 रुपये होता, 2025-26 मध्ये 8,110 झाला. ओलाव्याचे नियमही आत नकोत. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि 12 च्या वर माल नाकारायचा ही चौकट असली, तरी खाजगी व्यापाऱ्याची पद्धत वेगळी असते. एक गाठ 170 किलोची, ही माहितीसुद्धा जिनिंगच्या पॅकेजात शोभते. या गोष्टी प्रत्येक हंगामात हाताळाव्या लागतात आणि स्टँडर्ड लायब्ररीत हात घालायची वेळ क्वचितच यायला हवी.

लुआच्या मूळ स्ट्रिंग टेबलात आपली फंक्शन घुसवण्याचा मोहही टाळा. जावास्क्रिप्टमध्ये मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेत (यादीच्या प्रकारात) फ्लॅटन, म्हणजे यादीतल्या याद्या सपाट करणं, हे नाव आधीच घालून ठेवलं होतं. त्यामुळे भाषेला तेच काम मानकात आणताना फ्लॅट हे दुसरं नाव घ्यावं लागलं. आपलं सगळं आपल्या एका नावाखाली ठेवा.

मग निवड

बांधायच्या आधी पेनलाइट बघा. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीवरून प्रेरणा घेऊन शुद्ध लुआत लिहिलेला तो संच आहे. याद्या, मजकूर, फाइलींचे पत्ते यांची सामान्य कामं तो करतो. तुमची गरज तेवढीच असेल तर नवं काही बांधू नका. मराठी मजकूर आणि पैसा मात्र त्यात सापडणार नाही.

टीममध्ये दोघं-तिघं असाल तर ते चार प्रकार शुद्ध लुआत लिहा, सी भाषेला हात लावू नका. शुद्ध लुआची फाइल इंटेलच्या मशीनवर चालते तशीच एआरएमच्या बोर्डावर चालते, प्रत्येकासाठी वेगळं बांधावं लागत नाही. पाच-सहा जण असाल आणि निदान दोघं टिकणारे असतील, तर बाहेरची हत्यारं स्वतः निवडून, आवृत्ती पक्की करून, त्याच झिपमध्ये शेजारच्या फोल्डरात द्या. जिनिंगवाल्याला सगळं एका पेनड्राइव्हवर मिळेल. वचन मात्र तुम्ही चार प्रकारांचंच दिलेलं असेल, सीएसव्हीचं पॅकेज पुढच्या हंगामात बदललं तरी कोणाचा हिशेब मोडणार नाही.

आणि लुआची कोणती आवृत्ती हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी या राऊटरच्या मुक्त प्रणालीवर बहुतेक 5.1 मिळते, नव्या बोर्डावर 5.4 टाकता येते. राऊटर तुमच्या कामात येत नसेल तर 5.3 च्या खाली जाऊ नका, पूर्णांक तिथूनच मिळतात.